प्लस प्लसची दोन कामं

संध्याकाळी माझ्याकडे पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला येणारी मुलं दर सत्रात हा प्रश्न घेऊन येतात, कारण त्यांच्या प्रश्नसंचात तो असतोच:

$क = 5;
$क = $क++;

आता क किती? बहुतेक जण सहा म्हणतात. काही जण पाच म्हणतात, पण का ते त्यांना सांगता येत नाही. वरच्या वर्गातल्या कुणीतरी पाठ करून घेतलेलं असतं. उत्तर पाचच आहे. (पीएचपीत व्हेरिएबलचं, म्हणजे व्हॅल्यू ठेवायच्या खणाचं, नाव देवनागरीत चालतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आकडे मात्र इंग्रजीच लागतात, म्हणून कोडमध्ये 5 आणि मजकुरात ५ दिसेल.)

पाच कसं, ते पायरीपायरीने बघू. उजवीकडचं $क++ आधी चालतं. ते क ची आत्ताची व्हॅल्यू, म्हणजे ५, बाजूला काढून ठेवतं. मग क मध्ये एक मिळवून त्याचा ६ करतं. मग बाजूला ठेवलेला ५ आपलं उत्तर म्हणून पुढे देतं. शेवटी बरोबरची खूण तो ५ उचलून परत क मध्येच टाकते. क मध्ये सहा खरोखर आला होता, पण लगेच त्याच्यावर पाच येऊन बसला.

मुलांनी यातून उचलायची गोष्ट एकच आहे आणि ती मी फळ्यावर कोपऱ्यात सत्रभर लिहून ठेवते: $क++ ला एक उत्तर असतं, आणि शिवाय ते क बदलून जातं. $क + 1 ला फक्त उत्तर असतं. ते हवं तितक्या वेळा लिहा, क जिथल्या तिथे राहतो. दवाखान्यात कंपाउंडर गठ्ठ्यावरची नंबराची चिठ्ठी फाडून देतो, तेव्हा तुमच्या हातात सात येतो आणि गठ्ठ्यावर आठ उघडा पडतो. $क++ तसं आहे. हातातला सात हे त्याचं उत्तर आणि उघडा पडलेला आठ हा त्याचा साइड इफेक्ट. ++$क मध्ये बदल तोच होतो, फक्त उत्तर म्हणून नवी व्हॅल्यू मिळते. दोघांत फरक आहे तो उत्तराचा. बदल दोन्हीकडे सारखाच. हे नीट बसलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

++ हा ऑपरेटर, म्हणजे क्रिया सांगणारी ही खूण, आला कुठून, हेही मी मुलांना सांगते. केन थॉम्सन यांनी १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत पीडीपी-७ नावाच्या यंत्रावर बी ही भाषा केली, तिच्यात प्लस प्लस पहिल्यांदा आला. पीडीपी-११ च्या एका खास सोयीसाठी तो आणला, अशी एक कथा सगळीकडे फिरत असते. सी ही भाषा करणाऱ्या डेनिस रिची यांनी सी च्या इतिहासावर लिहिताना ती खोडून काढली आहे: बी तयार झाली तेव्हा पीडीपी-११ अस्तित्वातच नव्हतं. पीडीपी-७ च्या मेमरीत मात्र काही मोजके कप्पे असे होते की त्यांच्यामार्फत काही वाचलं की कप्प्यातला आकडा आपोआप एकने वाढे. कल्पना बहुधा तिथून सुचली, आणि ++x चं भाषांतर x=x+1 पेक्षा आटोपशीर होई, हे त्याहून मोठं कारण. म्हणजे मेमरी काही हजार शब्दांची असताना केलेली ही काटकसर. बी मधून ती सी मध्ये आली, सी मधून पर्ल, पीएचपी, जावास्क्रिप्टमध्ये. यंत्रं बदलली, अडचण संपली, सवय तेवढी मागे राहिली.



आता प्रश्नसंचातला दुसरा लाडका प्रश्न. क मध्ये १ आहे. या दोन ओळींची उत्तरं सांगा:

$क + $क++
$क + $क + $क++

हे मी मुलांना आधी कागदावर सोडवायला लावते आणि मग चालवून दाखवते. पीएचपीत पहिलीचं उत्तर ३ येतं. दुसरीचंही ३. एक क जास्त मिळवला तरी बेरीज तीच! वर्गात इथे हमखास गलका होतो. कारण असं की पीएचपीचं इंजिन साध्या व्हेरिएबलची व्हॅल्यू आधीच वाचून ठेवत नाही, प्रत्यक्ष बेरीज करायची वेळ आली की तेव्हा वाचतं. पहिल्या ओळीत बेरजेसाठी उजवी बाजू तयार हवी, म्हणून $क++ आधी उरकून घेतलं जातं: उत्तर १, आणि क झाला २. आता बेरीज करताना डावीकडचा क वाचला तर तिथे २ सापडतो. दोन आणि एक तीन. दुसऱ्या ओळीत डावीकडून पहिल्या दोन क ची बेरीज आधी होते, तेव्हा क अजून १ च असतो, म्हणून २, मग $क++ चा १, मिळून तीन.

जावास्क्रिप्टमध्ये याच ओळींची उत्तरं २ आणि ३ येतात, कारण तिथे डावीकडून उजवीकडे एकेक गोष्ट वाचत जायची हे भाषेच्या नियमातच लिहिलं आहे. सी मध्ये अशा ओळीला काही अर्थच ठरवून दिलेला नाही. कंपायलरने काहीही केलं तरी ते नियमात बसतं. पर्लच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की एकाच विधानात तेच व्हेरिएबल दोनदा बदललंत तर काय होईल याची हमी नाही. आणि पीएचपीचं अधिकृत मॅन्युअल? ते याच पहिल्या ओळीचं उदाहरण देतं आणि म्हणतं, उत्तर २ येऊ शकेल किंवा ३. कुठला ऑपरेटर आधी धरायचा याचा क्रम भाषेने ठरवून दिला आहे, पण त्याच्या दोन बाजूंपैकी कुठली आधी वाचायची हे दिलेलं नाही, आणि त्यावर विसंबून कोड लिहू नका, असं त्यात सरळ शब्दांत आहे.

म्हणून या प्रश्नांवर माझा मनापासून राग आहे. ज्याचं उत्तर भाषा बनवणाऱ्यांनीच ठरवलेलं नाही त्यावर दोन गुण ठेवायचे, आणि मुलांनी ते घोकायचं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला यातून कळतं ते एवढंच की प्रोग्रामिंग म्हणजे कोडी घालण्याचा प्रकार आहे. मी वर्गात प्रश्न उलटा विचारते: या ओळीचा अर्थ कुणाच्याही मनात शंका न राहता कळेल अशी ती पुन्हा लिहा. मग मुलं दोन ओळी करतात, बेरीज वेगळी, वाढ वेगळी. तिथे उत्तर कुठल्याही भाषेत तेच येतं.

हे झालं परीक्षेचं. प्रत्यक्ष कामात प्लस प्लसचं पाणी वेगळ्याच ठिकाणी मुरतं. मी कराडजवळच्या काही शाळांची आणि एका वाचनालयाची संगणकप्रणाली सांभाळते. बरंचसं कोड जुनं, माझ्या आधी कुणी ना कुणी लिहिलेलं. त्यातला एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे.

एका शाळेत प्रत्येक मुलाला एक सांकेतिक क्रमांक असतो: आधी इयत्ता, मग तुकडीचं इंग्रजी अक्षर, मग हजेरी क्रमांक. दहावी डी मधला नववा मुलगा म्हणजे १०डी०९. नवा प्रवेश आला की प्रणाली त्या तुकडीतला शेवटचा क्रमांक काढायची आणि त्याला प्लस प्लस करायची. पीएचपीत हे चालतं, कारण तिथे प्लस प्लस अक्षरांनाही वाढवतो. बी०९९ चं बी१०० होतं, बी९९९ चं सी००० होतं, झेड च्या पुढे एए येतं. १०डी०९ चं १०डी१० झालं, सगळं ठीक. वर्षानुवर्षं ठीकच चाललं होतं, कारण शाळेत ए ते डी अशा चारच तुकड्या होत्या.

मग पाचवी तुकडी निघाली. ई. पहिल्या मुलाचा क्रमांक लिपिक बाईंनी हाताने भरला, १०ई०१. दुसऱ्या मुलाला प्रणालीने क्रमांक दिला १०१. तिसऱ्याला १०२. नववीच्या ई तुकडीत ९ई०१ च्या पुढे आला ९१, आठवीत ८ई०१ च्या पुढे ८१. ओळखपत्रं छापून आली तेव्हा बाईंनी फोन केला की नव्या तुकडीची पोरं जुन्या कुठल्यातरी क्रमांकावर गेली आहेत.

कोड बघितल्यावर उलगडा झाला. शास्त्रीय पद्धतीने मोठे आकडे लिहिताना मधे ई घालतात: १०ई०१ म्हणजे दहा गुणिले दहाचा पहिला घात, म्हणजे शंभर. पीएचपी प्लस प्लस करण्याआधी बघतं की ही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, आकडा म्हणून वाचता येते का. डी वाली येत नाही, म्हणून तिला अक्षरांच्या रीतीने वाढवलं जातं. ई वाली येते! म्हणून शंभर, आणि त्यात एक मिळवून एकशे एक. नव्वदचे एक्क्याण्णव. ऐंशीचे एक्क्याऐंशी. ना एरर, ना वॉर्निंग. व्हेरिएबलमध्ये स्ट्रिंग होती, ती जाऊन तिथे फ्लोट, म्हणजे दशांशी आकडा, येऊन बसला आणि कुणाला पत्ता नाही. साइड इफेक्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर व्हॅल्यू बदलणं येतं. इथे व्हॅल्यूचा प्रकारच बदलला.

अक्षरं वाढवण्याची ही रीत पीएचपीने पर्लकडून घेतली. पण पर्लमध्ये तिला अट आहे: स्ट्रिंगमध्ये आधी अक्षरं आणि मग आकडे असाच क्रम हवा. बी०९९ त्या अटीत बसतं. १०डी०९ बसत नाही, तिथे पर्ल ती स्ट्रिंग सरळ आकडा धरून वाढवतं आणि ११ हातात देतं. म्हणजे पर्लमध्ये ही प्रणाली पहिल्याच दिवशी चुकली असती आणि पहिल्याच दिवशी दुरुस्त झाली असती. पीएचपीने अट सैल केली आणि चूक पाचवी तुकडी निघेपर्यंत दबा धरून बसली.

दुरुस्ती करताना मी इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक असे तीन वेगळे रकाने केले, आणि वाढ फक्त हजेरी क्रमांकाची. छापताना तिन्ही जोडायचे. आता पीएचपी ८.३ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, स्ट्रिंग वाढवायला आणि कमी करायला वेगळी फंक्शन्स आली आहेत. वाढवण्याच्या फंक्शनला १०ई०१ दिलं तर १०ई०२ च मिळतं, कारण ते त्याला आकडा समजतच नाही. मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट अशी की ते तुमच्या व्हेरिएबलला हात लावत नाही. नवी स्ट्रिंग परत देतं, ती कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवा. एकच काम.

इथे मराठी शाळेतला माणूस लगेच विचारेल, आमच्या तुकड्या अ, ब, क, ड आहेत, त्यांचं काय? काहीच होत नाही. 'क' या स्ट्रिंगला प्लस प्लस केलं तर ती 'क' च राहते, कारण पीएचपीला फक्त इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वाढवता येतात. ८.३ च्या आधी हे मुकाट्याने होत होतं, आता निदान सूचना येते. आणि वाढलं असतं तरी आपल्याला हवं ते मिळालं नसतं. वर्णमालेत अ नंतर आ येतो, ब नाही. तुकड्यांची यादी ॲरेत, म्हणजे ओळीने लावलेल्या खणांत, क्रमाने लिहून ठेवावी आणि ॲरेतला क्रमांक वाढवावा, हेच बरं.

एक्सेलचे स्तंभ करताना भेटणारा प्रकार याचाच भाऊ आहे. ए पासून सुरू करायचं, प्रत्येक फेरीत प्लस प्लस, आणि झेड पेक्षा लहान किंवा समान असेपर्यंत लूप चालू ठेवायचा. सव्वीस स्तंभ होतील असं वाटतं. होतात ६७६. झेड नंतर एए येतो, आणि शब्दकोशाच्या क्रमाने एए हा झेड च्या आधीचा, म्हणजे लहान. लूप वायझेड पर्यंत धावतो आणि झेडए ला थांबतो.

प्लस प्लस म्हणजे 'त्यात एक मिळवा' याचा संक्षेप, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. आकड्यांपुरतं ते खरं आहे. बाकी ठिकाणी मी ते वाक्य मुलांना खोडायला लावते. हे बघा. गुणवत्ता यादीत मुलाचं स्थान शोधायचं आहे. ॲरेत शोधणारं फंक्शन सापडलं तर क्रमांक देतं, तो शून्यापासून मोजलेला असतो, म्हणून त्यात एक मिळवून छापायचं. सापडलं नाही तर ते फॉल्स, म्हणजे 'नाही' ही व्हॅल्यू, देतं. आता फॉल्सला प्लस प्लस केलं तर पीएचपीत काहीच होत नाही, फॉल्स तसाच राहतो आणि छापताना रिकामी जागा दिसते. पण फॉल्समध्ये एक मिळवला, तर उत्तर १ येतं. म्हणजे ज्या मुलाचं नाव यादीतच नाही, तो पहिला आला! दोन्ही लिहिणारे म्हणतील, आम्ही एकच तर वाढवला. खरी दुरुस्ती म्हणजे आधी फॉल्स आहे का ते बघायचं आणि मगच पुढे जायचं.

नल म्हणजे काहीच भरलेलं नाही, त्याचं आणखी वेगळं. नलला प्लस प्लस केलं की १ होतं. नलला मायनस मायनस केलं तर नलच राहतं. वाचनालयात पुस्तकाच्या शिल्लक प्रती कमी करताना ही तिरपागडी गोष्ट नडते: ज्या पुस्तकाची नोंदच नाही ते कितीही वेळा दिलं तरी शिल्लक उणे होत नाही, त्यामुळे हिशेब चुकल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. ८.३ ने नल कमी करण्यावर आणि फॉल्स किंवा ट्रू वाढवण्यावर वॉर्निंग द्यायला सुरुवात केली आहे, आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत हे वागणं बदलेल असंही त्या वॉर्निंगमध्येच लिहिलेलं असतं. जुनी प्रणाली नव्या आवृत्तीवर नेताना लॉगमध्ये या ओळी दिसल्या तर त्या दाबून टाकू नका. त्या प्रत्येक ओळीमागे कुठेतरी चुकत असलेला हिशेब असण्याची दाट शक्यता आहे.

ब्राउझरच्या बाजूला जावास्क्रिप्टचे नियम पुन्हा निराळे. फॉर्मच्या चौकटीतून आलेला ५ ही तिथे स्ट्रिंग असते. तिला प्लस प्लस केलं तर ६. पण += 1 केलं तर ५१, कारण तिथे अधिकची खूण स्ट्रिंगा जोडते. आणि ॲरेत किंवा ऑब्जेक्टमध्ये जी जागा अजून भरलेलीच नाही तिला प्लस प्लस केलं की पीएचपीसारखा १ मिळत नाही. 'आकडा नाही' असं सांगणारी खास व्हॅल्यू येते, आणि त्यानंतर कितीही वाढवा, ती तशीच राहते. पीएचपीत हात बसलेला मुलगा जावास्क्रिप्टमध्ये तालुकावार मोजणी करायला जातो तेव्हा पहिली ठेच इथेच लागते.

आतापर्यंत प्लस प्लस निदान चालत तरी होता. कधी कधी तो चालतच नाही. अट लिहिताना:

$उत्तीर्ण && $क++ < 10

मूल उत्तीर्ण नसेल तर पीएचपी उजवीकडे बघतही नाही, त्यामुळे क वाढत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात क ही तपासलेल्या मुलांची संख्या होती. झाली ती उत्तीर्ण मुलांची. डीबगिंगसाठी घातलेल्या ओळीत प्लस प्लस असेल, तर ती ओळ काढल्या दिवशी मोजणी थांबते. मला असं एका जुन्या कोडमध्ये सापडलं होतं: लॉगमध्ये ओळ क्रमांक लिहितानाच तो वाढवलेला, आणि खाली त्याच क्रमांकावर पानं तोडायचा हिशेब. लॉग बंद केला की सगळी यादी एकाच पानावर. असर्टच्या, म्हणजे चाचणीपुरत्या तपासणीच्या, कंसात प्लस प्लस लिहिणं त्याहून वाईट, कारण प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर असर्ट सहसा बंदच ठेवलेले असतात. तिथे तो कोड असून नसल्यासारखा, आणि तुमच्या टेबलावरच्या संगणकावर मात्र सगळं बरोबर चालतं.

मुलं विचारतात, मग एका ओळीवर एकटा लिहिला तर? तिथे उत्तर कुणी वापरतच नाही, मग $क++ आणि ++$क सारखेच ना? पीएचपीत हो. पण सगळ्याच स्क्रिप्टिंग भाषांत नाही, आणि हे उदाहरण मला फार आवडतं. लिनक्सवर बॅशमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून चालवायच्या भाषेत, रात्री फायलींच्या प्रती काढणारी स्क्रिप्ट असते. वर एक सूचना लिहिलेली असते की कुठलीही आज्ञा फसली तर तिथेच थांब. आत मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि प्रत्येक फाईलनंतर दुहेरी कंसात प्लस प्लस. स्क्रिप्ट पहिल्या फाईलनंतर गुपचूप संपते. एररचा एक शब्द नाही.

काय होतं? बॅशमध्ये दुहेरी कंसातल्या गणिताचं उत्तर शून्य आलं की ती आज्ञा फसली असं धरतात. मागे लावलेला प्लस प्लस जुनी व्हॅल्यू देतो, जुनी व्हॅल्यू शून्य, म्हणून आज्ञा फसली, म्हणून थांबा. मोजणी एक झालेली असते, साइड इफेक्ट अगदी बरोबर झालेला असतो. फेकून दिलंय असं आपण समजत होतो त्या उत्तराने घात केला. पुढे लावलेला प्लस प्लस वापरला तर उत्तर १ येतं आणि स्क्रिप्ट पुढे जाते, पण मोजणी उणे एकपासून सुरू होत असेल तर तोही अडतो. मी वाढवलेली व्हॅल्यू सरळ बरोबरच्या खुणेने परत व्हेरिएबलमध्ये ठेवते. तिथे उत्तर शून्य आलं तरी ती साधी नेमणूक असते, ती फसत नाही.

बॅशमध्येच आणखी एक: पाइपच्या, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देणाऱ्या खुणेच्या, उजव्या बाजूला व्हाइल लूप लावून ओळी मोजल्या, तर लूप संपल्यावर मोजणी पुन्हा शून्य दिसते. पाइपमधला प्रत्येक तुकडा वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे बॅशच्या वेगळ्या प्रतीत, चालतो. वाढ तिथे झाली आणि तिथेच संपली.

पायथन आणि रुबीने हा ऑपरेटर घेतलाच नाही. पायथनमध्ये ++क लिहिलं तर एरर मात्र येत नाही, ते अधिक चिन्ह दोनदा लावलेला क असं वाचलं जातं आणि काही न करता पुढे जातं, एवढी एक सावधगिरी बाळगावी. स्विफ्टमध्ये तो होता, २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत काढून टाकला. गो भाषेचा मार्ग मला सगळ्यात पटतो: तिथे प्लस प्लस आहे, पण ते स्वतंत्र विधान आहे, त्याला उत्तरच नाही. त्यामुळे वरच्या प्रश्नसंचातला एकही प्रश्न गो मध्ये लिहिता येत नाही.

एवढं असूनही मी प्लस प्लस वापरते. फॉर लूपच्या तिसऱ्या खणात त्याच्याइतकं स्वच्छ काही नाही. आणि इयत्तावार मुलं मोजताना $मोजणी[$इयत्ता]++ ही ओळ वाचताच कळते. तिथे बदल हाच हेतू असतो. खण आधी शून्याने भरून घ्यावेत, नाहीतर पीएचपी ८ प्रत्येक नव्या इयत्तेला वॉर्निंग देतं.

मात्र फीच्या पावतीचा क्रमांक प्लस प्लसने काढू नये. फाईलमधून शेवटचा क्रमांक वाचायचा, वाढवायचा, परत लिहायचा, असं मी बऱ्याच ठिकाणी बघितलं आहे. जून महिन्यात दोन खिडक्यांवर एकाच वेळी फी भरली जाते, दोन्ही ठिकाणी ४१२ वाचला जातो, दोन्ही ठिकाणी ४१३ छापला जातो. प्रत्येक ठिकाणी प्लस प्लस बरोबरच चालला. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत दुसरा माणूस शिरला.

मग कुणीतरी सुचवतं की डेटाबेसलाच क्रमांक वाढवू द्या, मायएसक्यूएलमध्ये आपोआप वाढणारा रकाना असतो. त्याने एकच क्रमांक दोनदा निघत नाही हे खरं. पण व्यवहार मधेच रद्द झाला, वीज गेली, चेकचा तपशील चुकला म्हणून मागे फिरवला, तर पावतीची नोंद मागे जाते आणि क्रमांक मात्र खर्ची पडतो. पुढची पावती एक क्रमांक सोडून निघते. डेटाबेसच्या दृष्टीने यात काही गैर नाही, तो क्रमांक फक्त वेगळेपणासाठी असतो. लेखापरीक्षक मात्र ४१४ कुठे आहे असं विचारतात, आणि त्यांचं ते कामच आहे.

म्हणून मी शाळांसाठी पावती क्रमांकांचं छोटं वेगळं टेबल ठेवते, आर्थिक वर्षाला एक ओळ. पावती करताना ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, ती ओळ कुलूप लावून वाचायची, क्रमांकात एक मिळवून परत लिहायचा, त्याच क्रमांकाने पावती नोंदवायची आणि मग कमिट, म्हणजे व्यवहार पक्का. मधे काही बिघडलं तर पावती आणि क्रमांक दोन्ही मागे जातात, कारण दोन्ही एकाच व्यवहारात आहेत. छापून झालेली पावती रद्द करायची असेल तर ती नोंद पुसायची नाही, तिच्यासमोर 'रद्द' लिहून कारण भरायचं. या पद्धतीत दुसऱ्या खिडकीला कुलूप सुटेपर्यंत थांबावं लागतं. फीच्या खिडक्या दोनच असलेल्या शाळेत ते थांबणं कुणाला जाणवतही नाही, आणि मार्चअखेर पावत्यांचे क्रमांक एकापुढे एक सलग लागतात.